न्हाणीतले हात

नातीचे बारसे झाले आणि दुसऱ्या दिवसापासून तिला तेल लावायला एक बाई येऊ लागली. न्हाणीत पाय पसरून बसायची, मुलीला पायांवर पालथी घालायची आणि पीठ मळावे तशी मळायची. शेवटी नाकात, कानात तेल सोडायची. मूल किंचाळून लाल होई. "रडूं दी गे, छाती घट जाता," असे तिचे उत्तर ठरलेले. सून दाराआड डोळे पुसायची आणि मी गप्प बसायचे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, त्यात आपण काय बोलायचे? चौथ्या दिवशी सूनच म्हणाली, "आई, उद्यापासून त्या बाईला नको सांगूया."

खरे सांगते, मला राग आला. तिला खोटे पाडायचे म्हणूनच मी पुस्तके काढून बसले. निघाले ते भलतेच.

वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला आहे. डोके, कान आणि पाय यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले आहे. पण लगेच पुढे, कोणाला तेल लावू नये तेही आहे: कफाने ग्रासलेल्याला, शोधन झालेल्याला, अजीर्ण झालेल्याला. म्हणजे आधी समोरचे शरीर आज कसे आहे ते पाहा, मग हात लावा. चरकाने तर तेल लावलेल्या घड्याची, कातड्याची आणि गाडीच्या आसाची उपमा दिली आहे. आस तेलाने टिकतो, हातोड्याने नव्हे. जोर दाखवण्याची गोष्ट मला तिथे दिसली नाही.

आपल्या गोव्यात या तेलाच्या हाताला आणखी एक इतिहास आहे. १७३६ साली इन्क्विझिशनने जो जाहीरनामा काढला, त्यात नवख्रिस्ती समाजाच्या अनेक देशी चालींवर बंदी आली. लग्नात वधूवरांच्या अंगाला हळद, नारळाचे तेल वगैरे लावणे हा त्यात गुन्हा ठरला. १८१२ मध्ये इन्क्विझिशन संपले. आणि आज? ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतोच. नारळाचा रस अंगाला लावायला आईबाप, मावश्या, शेजारी रांगेने येतात. आपल्याकडे हळद, त्यांच्याकडे रोस. कायद्याने जी गोष्ट पुसता आली नाही, ती माणसाच्या तळहातात किती खोल असेल!

मग हा हात परदेशात कसा पोचला ते वाचले. फ्रेडरिक लबॉये हे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ. जन्मणाऱ्या मुलाला धसमुसळेपणाने हाताळू नका, असे सांगणारे त्यांचे पुस्तक १९७४ चे. कोलकात्यात त्यांनी शांतला नावाच्या एका आईला आपल्या बाळाला तेल लावताना पाहिले, आणि १९७६ मध्ये तिच्याच नावाचे सचित्र पुस्तक काढले. पसरलेले पाय, त्यावर बाळ, बसण्याची पद्धत थेट आमच्या न्हाणीतली! त्याच दशकात व्हिमला मॅक्ल्युअर ही अमेरिकन बाई भारतातल्या एका अनाथाश्रमात काम करत असताना हे शिकली आणि १९७९ मध्ये तिने त्यावर पुस्तक लिहिले. तिच्या परंपरेत एक पायरी आहे: तेल हातावर घेऊन बाळाला दाखवायचे, विचारायचे आणि त्याने अंग आखडले, तोंड फिरवले तर त्या दिवशी थांबायचे.

हळुवार म्हणजे नुसते पिसासारखे, असेही नाही हं. टिफनी फील्ड यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. दिवसातून तीनदा, पंधरा पंधरा मिनिटे, असे दहा दिवस मालीश केलेल्या बाळांचे वजन इतरांपेक्षा रोज ४७ टक्के अधिक वाढले. पुढच्या अभ्यासांत दिसले की अगदी हलक्या स्पर्शाने बाळांना गुदगुल्या होतात, ती वैतागतात. मध्यम, स्थिर दाब त्यांना मानवतो. नाकाकानात तेल घालू नका, हे मात्र आजचे बालरोगतज्ज्ञ निक्षून सांगतात.

पुस्तक मिटले आणि मला माझ्या लहानपणची आमच्या वाड्यावरची म्हातारी वैजीण आठवली. माझ्या धाकट्या भावाला ती तेल लावायची. आधी भाणातल्या ऊन पाण्यात हात धरायची, पुसायची, मग तळवा त्याच्या पोटावर नुसता ठेवून बसायची. आम्ही पोरे कंटाळून विचारायचो, "गे, कित्याक रावल्या?" ती म्हणायची, "ताका कळूंक जाय न्हय, हांव आयल्यां म्हूण." भाऊ रडल्याचे मला आठवत नाही. परंपरा ती होती. मी मात्र तिच्या नावाखाली चार दिवस भलत्याच गोष्टीची राखण करत होते.

पाचव्या दिवशी मी सुनेला हाक मारली. न्हाणीत दोघी बसलो. खोबरेल मी कोमट केले, पण हात तिचे होते. मुलीने पाय आखडले तशी ती थांबली, माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "राव मगे, घाई कोणाला आहे?" थोड्या वेळाने मुलीने मूठ सोडली.