जिओसिटीज: फुकटच्या प्लॉटवरची वेबसाइट

"स्वतःची वेबसाइट बनवायचीये, सुरुवात कुठून करू?" असं विचारलं की लगेच कोणीतरी तीन ॲप आणि एक कोर्स सुचवतं. आज आपण जरा मागे जाऊ.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये जो पहिला ब्राउझर लिहिला, त्यात पान वाचता यायचं आणि तिथेच लिहिताही यायचं. वाचणारा तोच लिहिणारा, अशी मूळ कल्पना होती. पुढे लोकप्रिय झालेल्या ब्राउझरमध्ये लिहिण्याची सोय मागे पडली. मग सामान्य माणसाने पान ठेवायचं कुठे?

इथे जिओसिटीज आलं. १९९४ मध्ये डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी अमेरिकेत ते वेगळ्या नावाने सुरू केलं. गंमत अशी की तिथे चक्क वस्त्या होत्या. सिनेमावाले हॉलिवूडमध्ये, कॉम्प्युटरवाले सिलिकॉन व्हॅलीत, सायन्स फिक्शनवाले एरिया ५१ मध्ये. वस्ती निवडायची, घर नंबर घ्यायचा, झालं! सगळं फुकट. दुसऱ्याचं पान आवडलं की 'व्ह्यू सोर्स' करायचं, कोड उचलायचा, आपलं नाव टाकायचं. इंजिनिअर म्हणून सांगतो, एचटीएमएल शिकायला याहून बरी पद्धत मला अजून सापडलेली नाही.

मराठीत पान करणाऱ्यांची वेगळीच कटकट. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसायची नाही. म्हणून शुषासारखे फॉन्ट वापरायचे. वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा!

१९९९ मध्ये याहूने सुमारे ३५७ कोटी डॉलरच्या शेअर्समध्ये जिओसिटीज घेतलं. त्याच वर्षी नव्या अटी आल्या. तुमच्या पानावरचा मजकूर याहूला वाटेल तसा वापरता येईल, असा त्यांचा अर्थ निघत होता. लोक भडकले आणि याहूने माघार घेतली. पण घर कोणाचं, जागा कोणाची, हा प्रश्न राहिलाच. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने अमेरिकेतलं जिओसिटीज बंद केलं आणि लाखो पानं गेली. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी घाईघाईने जमेल तेवढं उतरवून ठेवलं, म्हणून थोडंफार आज बघायला तरी मिळतं.

आता तुमचं बघू. डोमेन घ्या. तेही वर्षाच्या भाड्यानेच असतं, बरं का! फरक इतकाच की होस्टिंगवाला बंद पडला तरी फाइल्स दुसरीकडे हलवता येतात आणि पत्ता तोच राहतो. अट एकच, फाइल्सची कॉपी तुमच्याकडे हवी. आणि पहिल्या दिवशी फ्रेमवर्कच्या नादी लागू नका. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाची फाइल उघडा, वर यूटीएफ-८ ची एक ओळ टाका, म्हणजे मराठी नीट दिसेल. खाली स्वतःचं नाव लिहा आणि ब्राउझरमध्ये उघडून बघा.