आपण बाहेर पडल्यावरचा सामना

शहापूर-मुरबाडकडे भातकापणी उरकली की टेनिस बॉलच्या स्पर्धांचा हंगाम लागतो. शेतातच रोलर फिरवून पिच तयार होते, मंडप पडतो, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री सुरू होते. संघ गावाच्या नावाने. पोरं टेम्पो भरून येतात आणि गाव हरलं की त्याच टेम्पोने परत जातात. त्यामुळे सकाळी तुडुंब असलेलं मैदान फायनलच्या वेळी निम्मं रिकामं झालेलं पुष्कळदा दिसतं. चषक कोणी उचलला हे परत गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कळतं.

देशाच्या संघाबाबतही आपण याहून वेगळे वागत नाही. २००७च्या विश्वचषकात २३ मार्चला श्रीलंकेकडून हरून भारत बाहेर पडला. त्यानंतर स्पर्धा पाच आठवडे चालू होती, पण आमच्याकडच्या कित्येक घरांत टीव्ही पुन्हा मालिकांकडे वळला. २८ एप्रिलच्या फायनलमध्ये ग्लोव्हजमध्ये स्क्वॉशचा चेंडू घालून खेळणाऱ्या गिलख्रिस्टने १०४ चेंडूंत १४९ धावा काढल्या. त्या अनेकांनी पाहिल्याच नाहीत. का पाहायच्या, असं त्यांचं म्हणणं. आपलं तिथे काय उरलंय?

हा प्रश्न मला क्रिकेटपेक्षा इतिहासाचा जास्त वाटतो. कारण ‘आपला संघ’ म्हणजे कोण, याचं उत्तर मुंबईत एकेकाळी धर्मावर ठरत होतं, आणि ते सामने पाहायला अख्खं शहर लोटत होतं.

आधी पारशी आणि युरोपियन खेळत. १९०७मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२मध्ये मुसलमानांचा संघ आला, ती चौरंगी झाली. १९३७मध्ये ‘रेस्ट’ म्हणजे ‘बाकीचे’ नावाचा पाचवा संघ आला. त्यात ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन असे उरलेले सगळे. ही पंचरंगी. मरीन ड्राइव्हवर इस्लाम, हिंदू आणि पारशी जिमखाने आजही ओळीने उभे आहेत. मुलांना सहलीला नेलं की मी ते मुद्दाम दाखवतो. क्रिकेटचा एक काळ तिथे दगड-विटांत उभा आहे.

‘बाकीचे’ हे नावच किती बोलकं आहे बघा. ज्यांना आपला म्हणावा असा संघ नव्हता, त्यांचा संघ.

ही स्पर्धा सगळ्यांनाच पटत होती असं नाही. सय्यद अब्दुल्ला बरेलवी संपादक असलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने तिच्यावर सातत्याने टीका केली. बरेलवी राष्ट्रवादी मुसलमान. खेळाच्या मैदानावर कौमेचा हिशेब नको, ही त्यांच्या पत्राची भूमिका. डिसेंबर १९४०मध्ये हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याला गांधीजींचा सल्ला घ्यायला गेली. कॉलेजं, संस्था यांच्यात सामने होतात हे समजू शकतं, पण हिंदू, पारशी, मुस्लीम असे संघ कशासाठी, असं त्यांचं म्हणणं पडलं. शिवाय सत्याग्रही तुरुंगात असताना हा उत्सव त्यांना योग्य वाटत नव्हता. त्या वर्षी हिंदू संघ उतरला नाही. स्पर्धा मात्र झाली आणि मुस्लीम संघाने ‘बाकीच्यां’ना हरवून ती जिंकली. त्याआधी १९३७मध्येही हिंदू संघ बाहेर राहिला होता. त्या वेळी तत्त्वाचा वगैरे काही प्रश्न नव्हता, नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममधल्या जागांच्या वाटपावरून भांडण होतं. मोठ्या तत्त्वांच्या इतिहासात असे खुर्च्यांचे तंटे अधूनमधून भेटतात.

आता १९४३. माझ्या प्रश्नाचा खरा सामना हा आहे.

त्या वर्षी मुस्लीम संघाची गाठ ‘बाकीच्यां’शी पडली आणि मुस्लीम संघ बाहेर गेला. त्याला बाहेर काढणारा माणूस होता विजय हजारे. सांगलीत जन्मलेला, मराठी बोलणारा ख्रिस्ती. त्याने मुस्लीम गोलंदाजीवर २४८ धावा काढल्या. स्पर्धेचा तो विक्रम होता. डिसेंबरमध्ये फायनल ठरली, हिंदू विरुद्ध ‘बाकीचे’.

मुस्लीम संघाचा चाहता डोळ्यांसमोर आणा. भेंडी बाजारातला म्हणा, नाहीतर आसनगावला गाडी पकडून बोरीबंदरला उतरणारा आमच्या भागातला म्हणा. आपला संघ गेला. आता ब्रेबॉर्नवर जायचं की घरी बसायचं? गेलं तर कोणासाठी? हिंदू हरावेत म्हणून जायचं, हे सोपं उत्तर होतं. त्या काळातल्या हवेत ते उत्तर भरपूर तरंगतही होतं. पण हिंदूंना हरवायची आशा ज्याच्यावर, तो हजारे म्हणजे आदल्याच सामन्यात आपली दाणादाण उडवणारा. त्याच्यासाठी टाळ्या कशा वाजवायच्या?

जो घरी बसला त्याने काय गमावलं ते सांगतो. हिंदू संघाने ५ बाद ५८१वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०, म्हणजे हजारेचा ताजा विक्रम बरोबर दोन धावांनी मोडला. ‘बाकीचे’ पहिल्या डावात १३३ धावांत आटोपले. त्यात ५९ हजारेच्या. फॉलोऑन मिळाला. सामना संपल्यातच जमा होता. दुसऱ्या डावात हजारे उभा राहिला आणि त्याने ३०९ धावा काढल्या. संघाच्या एकूण धावा ३८७. धाकटा भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला होता. दोघांची भागीदारी ३०० धावांची आणि त्यात विवेकच्या २१! मर्चंटचा विक्रम त्याच सामन्यात गेला. सामना मात्र हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी जिंकला.

म्हणजे ज्याच्यासाठी कोणी मैदानावर गेलं असेल, तो हरलाच. मुसलमान आधीच हरलेले. हजारेही हरला. पण पंचरंगीचं नाव आज निघतं तेव्हा त्या ३०९ धावा आधी आठवतात, जिंकणारा संघ नंतर. आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा पोरं आधी बेरीज-वजाबाकी करतात. ३८७तून ३०९ गेले, उरले किती? मग गप्प होतात.

पुढच्याच वर्षी, १९४४-४५च्या फायनलमध्ये हिंदू आणि मुसलमान समोरासमोर आले. मुस्लीम संघ एका गड्याने जिंकला. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद १३७. त्या सामन्याबद्दल आमच्या समाजात अजूनही अभिमानाने बोललं जातं, आणि का बोलू नये? पण मला त्या दोन सामन्यांत मोठा फरक दिसतो. १९४४चा सामना पाहायला आपला असणं पुरेसं होतं. १९४३चा सामना पाहायला क्रिकेट आवडणं भाग होतं.

१९४५-४६च्या मोसमानंतर पंचरंगी बंद झाली. तोपर्यंत देशातच दोन संघ पडायला आले होते. बरेलवींचं म्हणणं बरोबर होतं, असं मला स्वतःला वाटतं. बंद झाली ते बरंच झालं. तरी त्या स्पर्धेचा एक धडा कोणी नीट उचलला नाही, तो रणजी करंडकातल्या एका सामन्यात दिसतो. मार्च १९४७, बडोदा. फाळणीला पाच महिने. रणजीची फायनल, बडोदा विरुद्ध होळकर. तोच विजय हजारे एका टोकाला. दुसऱ्या टोकाला गुल मोहम्मद, लाहोरचा, पंचरंगीत मुस्लीम संघाकडून खेळलेला. दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल मोहम्मद ३१९, हजारे २८८. जगातला हा भागीदारीचा विक्रम २००६मध्ये संगकारा आणि जयवर्धनेने मोडेपर्यंत टिकला. ज्याच्यामुळे मुस्लीम संघ १९४३मध्ये घरी गेला, त्याच्याबरोबरच मुस्लीम संघातला माणूस इतका वेळ धावत होता. बडोद्याच्या प्रेक्षकांना दोघंही ‘आपले’ होते. गुल मोहम्मद पुढे भारताकडून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला आणि १९५६मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटीही खेळला. इब्राहिमही कराचीला गेला. इंदूरचा मुश्ताक अली इथेच राहिला.

मग ‘आपला संघ’ एकच झाला, भारत. इथवर गोष्ट सरळ आहे. पण भारत बाहेर पडल्यावर काय, हा प्रश्न या देशातल्या मुसलमानाला बाकीच्यांपेक्षा वेगळा पडतो.

१९९२चा विश्वचषक. ४ मार्चला सिडनीत भारताने पाकिस्तानला हरवलं. मियाँदादच्या उड्या त्याच सामन्यातल्या. पुढे भारत बाहेर पडला आणि पाकिस्तान फायनलला गेला. २५ मार्च, समोर इंग्लंड. रमजान चालू होता. वसीम अक्रमने लागोपाठच्या दोन चेंडूंवर लॅम्ब आणि लुईस यांचे त्रिफळे उडवले. ते चेंडू ज्याने पाहिले तो ते विसरणार नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या मोहल्ल्यातली मोठी माणसं आम्हा पोरांना एवढंच सांगत होती, नाक्यावर कोणाला स्कोअर विचारू नकोस. बघू नकोस असं कोणी म्हणालं नाही. विचारू नकोस.

या दोन शब्दांत बरंच काही आहे. मुरबाडमधला एखादा मुलगा लॅम्बचा त्रिफळा पाहून ‘वा!’ म्हणाला तर तो क्रिकेटवेडा. त्याच्याच वर्गातला रफिक किंवा सलीम म्हणाला तर? संघ बाहेर पडल्यावर शिल्लक सामना पाहणं हा दुसऱ्या कोणाचा छंद असतो, आमचा मात्र तो जबाब होतो. म्हणून कित्येकांनी सोपा मार्ग काढला. भारत हरला की क्रिकेटच बंद. टीव्ही बंद, विषय बंद. निष्ठा सिद्ध करण्याचा हा किती स्वस्त उपाय, आणि किती महागात पडणारा! ज्याला इम्रानचा संघ आवडला नाही त्याने नसेल पाहिला, त्याची मर्जी. पण भीतीपोटी डोळे मिटून घेणं हे देशप्रेम कसं, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही. आणि दुसरी बाजूही बोलली पाहिजे. त्या दिवशी पाकिस्तान जिंकला म्हणून फटाके फोडावेसे वाटणं, तेही केवळ कौमेच्या हिशेबाने, यात १९४४ची पंचरंगीच अजून चालू असते. अक्रमचा चेंडू त्यात कुठेच नसतो.

उर्दूत प्रेक्षकाला ‘तमाशाई’ म्हणतात, ‘तमाशबीन’ही म्हणतात. मराठीत तमाशा म्हटलं की ढोलकी डोळ्यांपुढे येते, पण शब्दाचं मूळ अरबीत आहे आणि त्याचा अर्थ सोबतीने चालणं, फिरत फिरत बघणं. बघणाऱ्याने बाजू घेतलीच पाहिजे असं त्या शब्दात कुठेही नाही. शिकवताना हा शब्द आला की मला दरवेळी बरं वाटतं.

बाजू न घेता, किंवा नवी बाजू आनंदाने घेऊन बघणारे प्रेक्षक या उपखंडात झाले आहेतच. १९८७मध्ये ४ नोव्हेंबरला लाहोरात पाकिस्तान हरला आणि दुसऱ्या दिवशी वानखेडेवर गूचने स्वीप मारमारून भारताला बाहेर काढलं. ८ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर ऑस्ट्रेलिया-इंग्लंड फायनल झाली. यजमान दोन्ही बाहेर, तरी स्टेडियम भरलेलं होतं. त्याच ईडनवर १३ मार्च १९९६ला भारत श्रीलंकेसमोर कोसळत असताना बाटल्या फेकल्या गेल्या, आगी लागल्या आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. लोकांना आपल्याविना सामना नको होता, आपल्यासह हरणंही नको होतं. चार दिवसांनी लाहोरात फायनल होती. पाकिस्तानला भारताने आधीच बंगळूरात बाहेर काढलेलं. तरी लाहोरकर आले आणि श्रीलंकेच्या बाजूने ओरडले. अरविंद डिसिल्वाचं नाबाद शतक त्यांनी डोळे भरून पाहिलं. गर्दी एकाच उपखंडातली, आपापल्या संघाच्या पराभवाने दुखावलेली. त्या आठवड्यात मला कलकत्त्यापेक्षा लाहोरच्या गर्दीचा हेवा वाटला, हे लिहायला आज संकोच वाटत नाही. त्या विश्वचषकाच्या आधी, १३ फेब्रुवारीला, श्रीलंकेला धीर द्यायला भारत-पाकिस्तानचा एकत्र संघ कोलंबोत खेळला होता. सचिन आणि वसीम एकाच बाजूला. तो सामना किती जणांना आठवतो?

आणि फुटबॉल? भारत फुटबॉलचा विश्वचषक कधीच खेळलेला नाही. तरी दर चार वर्षांनी मुंब्रा-भिवंडीपासून आमच्या शहापूरपर्यंत पोरं ब्राझील, अर्जेंटिनाचे झेंडे लावतात आणि रात्रभर जागतात. तिथे आपला संघ पहिल्या दिवसापासून बाहेर असतो, पण टीव्ही बंद करा असं कोणाला वाटत नाही.

गेल्या काही वर्षांत मी वर्गात एक प्रश्न विचारायला लागलो आहे. भारत नसलेली फायनल झाली की दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर विचारतो, काल कोण आवडलं? संघ नाही, माणूस सांगा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, हरला त्यातला सांगितला तर चालेल?”