शिफारशीचे मोल

नोकरीसाठी अर्ज करणारा उमेदवार आपले नाव, शिक्षण आणि अनुभव लिहितो, आणि शेवटी कोणा थोर गृहस्थाचे प्रशस्तिपत्र जोडतो. यांपैकी कशाला किती वजन द्यावे, हा प्रश्न छापील अर्जाइतका नवा नाही. काशीच्या इतिहासात त्याचे एक बोलके उत्तर सापडते, आणि ते ज्याच्या चरित्रातून मिळते तो उमेदवार महाराष्ट्रीय होता.

काशीत दक्षिणी पंडितांचा दबदबा सोळाव्या शतकापासून होता. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांचे पणतू गागाभट्ट यांनीच १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. त्या काळी पंडिताचा परिचय म्हणजे घराणे, शाखा, गुरू आणि अधीत शास्त्रे. पण तेवढ्यावर कोणी मान तुकवीत नसे. भर सभेत शास्त्रार्थाला उभे राहावे लागे. गुरूचे नाव सभेचे दार उघडून देई. आसन मात्र ज्याचे त्याने मिळवायचे असे.

पुढे कंपनीचा अंमल आला. १७९१ मध्ये रेसिडेंट जोनाथन डंकन याने काशीत संस्कृत पाठशाळा स्थापन केली. न्यायालयांना धर्मशास्त्र सांगणारे जाणकार मिळावेत, हा तिचा एक हेतू होता. आता विद्वानाची गाठ सभेशी नव्हे, तर दप्तराशी पडली. वेतन, नेमणूक, हजेरी सारे कागदावर आले. कागदाची सोय मोठी, पण त्याचा धोकाही तितकाच मोठा. पाठशाळेचे पहिले प्रमुख पंडित काशीनाथ यांना कारभारातील गैरव्यवहारावरून १८०१ मध्ये दूर करावे लागले. विद्वत्तेची कीर्ती आणि सोपविलेले काम नीट पार पाडण्याची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या संस्थेला पहिल्या दशकातच मिळाला.

या पाठशाळेत सुमारे चाळीस वर्षांनी एक तरुण अध्यापक दाखल झाला. त्याचे नाव बापूदेव शास्त्री. घराणे अहमदनगर जिल्ह्यातील, गोदाकाठच्या टोके गावचे. शिक्षण नागपुरास झालेले. तेथे धुंडिराज मिश्र यांच्यापाशी त्याने भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे ग्रंथ अभ्यासले. सीहोरचा पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन हा भारतीय ज्योतिषाचा जाणता अभ्यासक होता. विशीही न गाठलेल्या या मुलाची गणितातील गती पाहून १८३८ मध्ये त्याने त्याला सीहोरच्या पाठशाळेत नेले. तेथे सेवाराम यांच्याकडे त्याचे सिद्धान्तग्रंथांचे आणि युरोपीय रेखागणिताचे अध्ययन झाले. काही वर्षांतच काशीच्या पाठशाळेत रेखागणित शिकविण्याच्या कामी त्याची नेमणूक झाली.

या उमेदवाराजवळ काय होते? मोठ्या घराण्याचा वशिला नव्हता, की कोणा राजाची सनद नव्हती. कोणापाशी काय शिकला, हे नेमके सांगता येत होते. ते शिकला आहे की नाही, हे कोणालाही पारखून घेता येत होते. आणि ज्याने त्याची निवड केली होती, त्याला स्वतःला तो विषय कळत होता. चांगल्या अर्जाचे सारे सार या तीन गोष्टींत आले. विषय न जाणणाऱ्या थोराने केलेली स्तुती हा केवळ सद्‌भाव ठरतो. जाणत्याचे एक मोजके वाक्य पुरावा ठरते.

नेमणुकीनंतरही बापूदेवांनी ती पारख खरी करून दाखविली. भास्कराचार्यांना चलनकलनाचे तत्त्व अवगत होते, असे प्रतिपादन त्यांनी १८५८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात केले. ‘सूर्यसिद्धान्ता’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. १८८७ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १८९० मध्ये ते वारले. ज्या पाठशाळेत त्यांनी आयुष्य वेचले, तिचीच परंपरा आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय चालवीत आहे.

‘सूर्यसिद्धान्ता’च्या त्या ग्रंथाला आणखी एक भाषांतर जोडलेले आहे. ते भास्कराचार्यांच्या ‘गोलाध्याया’चे, विल्किन्सनने केलेले. विल्किन्सन १८४१ मध्येच निवर्तला होता. वीस वर्षांनंतर त्याचे हस्तलिखित तपासून, शुद्ध करून लोकांपुढे आणले ते बापूदेवांनी. आपल्याला निवडणाऱ्याच्याच लेखनातील चुका दुरुस्त करण्याइतकी योग्यता अंगी आणणे, हीच त्यांनी त्या शिफारशीची केलेली परतफेड.