खिडकी कुठल्या खणात?

घर घेताना आपण चौरस फूट विचारतो, पाणी किती वेळ येते तेही विचारतो. पण त्या घराची वीट, गिलावा, खिडकी कागदावर कोणत्या क्रमांकाखाली लिहिली होती, हे कुणी विचारत नाही. माझी मात्र नवी मुंबईतली बत्तीस वर्षे ठेकेदारांच्या निविदा भरण्यात, म्हणजे या क्रमांकांतच गेली.

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 ची. मी वाशीत कामाला लागलो 1982 साली. शहर नवे होते, पण बांधकामाची भाषा जुनी, सरकारी. टेबलावर सार्वजनिक बांधकाम खात्याचे ‘लाल पुस्तक’ असे. प्रमाणित विनिर्देशांचे हे पुस्तक 1979 सालचे. त्यात इमारतीच्या कामाला ‘बीडी’, रस्त्याच्या कामाला ‘आरडी’. पुढे एक अक्षर, मग आकडा. ‘ए’ म्हणजे खोदाई, ‘ई’ साधे काँक्रीट, ‘एफ’ सळईचे काँक्रीट, ‘जी’ वीटकाम, ‘एच’ दगडकाम, ‘एल’ गिलावा, ‘एम’ फरशी. घर जसे जमिनीतून वर येते, साधारण तशीच अक्षरे पुढे सरकतात. दरसूचीत, म्हणजे आमच्या डीएसआरमध्ये, प्रत्येक बाबीखाली हाच क्रमांक छापलेला असे. ही मांडणी मला आजही शहाणपणाची वाटते. मुकादमालासुद्धा ती कळायची.

गोम होती ती बाबीच्या शेपटीत. वर्णन एकाच लांबलचक वाक्यात, आणि शेवटी दोन शब्द: ‘इत्यादी कंप्लीट’. या ‘इत्यादी’च्या पोटात काय काय येते, यावर किती चहा थंड झाले असतील!

मोजमापाचे नियम दिल्लीहून आले. भारतीय मानक संस्था 1947 साली स्थापन झाली आणि तिने 1958 मध्ये ‘आयएस 1200’ हे मोजमापाचे मानक काढले. पुढे त्याचे भाग पडले: मातीकाम, काँक्रीट, वीटकाम असे. त्यातला गिलाव्याचा एक नियम ऐका. खिडकीचे भोक अर्धा ते तीन चौरस मीटर असेल, तर भिंतीच्या एकाच बाजूची वजावट करायची. दुसऱ्या बाजूची सोडून द्यायची. का? तर चौकटीभोवती भिंतीच्या जाडीवर जो गिलावा होतो, त्याचा मोबदला त्यात आला. हिशेबाला सोपे आहे. पण आपल्या घरातली चार फूट बाय चार फुटांची खिडकी याच नियमात बसते. म्हणजे ज्या पट्टीतून पाऊस आत शिरतो, ती पट्टी वेगळी मोजलीच जात नाही!

अमेरिकेत याच प्रश्नाला दुसरे उत्तर सापडले. तिथल्या विनिर्देश लिहिणाऱ्यांच्या संस्थेने 1963 साली साऱ्या बांधकामाचे 16 विभाग पाडले. 1978 पासून त्या पद्धतीला ‘मास्टरफॉरमॅट’ म्हणू लागले आणि 2004 मध्ये 16 चे 50 विभाग झाले, काही पुढच्या सोयीसाठी रिकामे ठेवून. गंमत अशी, की तिथे वस्तूला नव्हे, कामाला क्रमांक असतो. तीच वीट भिंतीत गेली तर विभाग 4, घरातल्या फरशीत गेली तर 9, अंगणात अंथरली तर 32. आपल्याकडे 1 जुलै 2017 पासून जीएसटीच्या बिलावर जो एचएसएन क्रमांक येतो, तो बरोबर उलटा. तिथे वस्तू कशाची बनली हे पाहतात. लाकडी खिडकी 4418, प्लास्टिकची 3925, पोलादी 7308, अॅल्युमिनियमची 7610. एका खिडकीचे चार खण! करवसुलीला ते ठीक, पण बांधणाऱ्याला त्यावरून काही उमगत नाही.

2006 च्या सुमाराची गोष्ट. महापे–ऐरोली पट्ट्यात कचेऱ्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. अशाच एका इमारतीची निविदा आमच्याकडे आली, ती अमेरिकन क्रमांकांची. खिडक्या विभाग 8 मध्ये, पण खिडकी आणि भिंत यांच्यातली फट बुजवणारे सिलिकॉन विभाग 7 मध्ये, 07 92 00 या स्वतंत्र क्रमांकाने. तिकडच्या मांडणीत हे चोख आहे. मालकाच्या सल्लागारांनी मात्र आमच्यासाठी दरपत्रक देशी साच्यात उतरवले आणि सातव्या विभागातली ती ओळ गळली. खिडकीवाला म्हणाला, माझ्या क्रमांकात सिलिकॉन नाही. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, मी गच्ची आणि संडास-बाथरूम घेतले आहेत, खिडक्या नाहीत. दोघेही कागद दाखवत होते आणि दोघांचेही कागद खरे होते. जुलैत पश्चिमेकडून झड लागली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावर संगणकांवर प्लास्टिक अंथरावे लागले. दुरुस्तीचा खर्च ‘जादा बाब’ म्हणून मागितला, त्याचा निकाल लागायला दीड वर्ष गेले.

लाल पुस्तकाच्या पद्धतीत ते सिलिकॉन ‘इत्यादी कंप्लीट’मध्ये गेले असते. भांडण झालेच असते, पण एकाच माणसाशी. उलट स्वतंत्र क्रमांक असला की सिलिकॉन कुठल्या प्रतीचे, फट किती मिलिमीटरची, आधी कोणता लेप, हे लिहावेच लागते. ‘इत्यादी’त गेलेली वस्तू सहसा स्वस्तातली येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून माझे मत क्रमांकाच्या बाजूने, तोही एकाच ठेकेदाराच्या नावावर. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी खिडकीच्या बाबीखाली एक वेगळी ओळ लिहीत आलो: फट भरणे, मीटरमध्ये मोजून, खिडकीवाल्याकडूनच, आणि बाहेरून नळीने पाणी मारून, आत ओल नाही हे पाहिल्यावरच बिल.