अर्थासह पठण : खरशेदजी कामा यांचा आदर्श

प्राचीन इराणच्या भाषा व इतिहास यांचे शास्त्रशुद्ध अध्ययन आपल्या देशात रुजविणाऱ्यांत एका व्यापाऱ्याचे नाव अग्रभागी आहे, ही गोष्ट आम्हा व्यापारी मंडळींना अभिमानास्पद वाटावी अशीच आहे. मुंबईचे खरशेदजी रुस्तमजी कामा (१८३१–१९०९) हे १८५५ मध्ये दादाभाई नौरोजींसमवेत व्यापारानिमित्त विलायतेस गेले. पुढे पॅरिस व एर्लांगेन येथे ओपर्ट, श्पीगेल आदी पंडितांपाशी त्यांनी प्राचीन इराणी भाषांचे अध्ययन केले.

त्या काळी पारशी धर्मगुरूंना अवेस्ता मुखोद्गत असे. मात्र तिच्या व्याकरणाचे ज्ञान क्वचितच कोणास असे. कामांनी १८६१ पासून तरुण धर्मगुरूंना ती भाषा व्याकरणासह शिकविण्यास आरंभ केला. भाषा उमगली की इतिहासही बोलू लागतो. अवेस्तेतील ‘हप्त’ म्हणजे आपले ‘सप्त’. सम्राट दारियसच्या शिलालेखांत सिंधूचा प्रदेश ‘हकारा’नेच उच्चारलेला आढळतो. कामांच्या स्मरणार्थ १९१६ मध्ये मुंबईत प्राच्यविद्या संस्था स्थापन झाली.

येथे आपण अंतर्मुख होणे अगत्याचे आहे. प्रतिक्रमणातील प्राकृत सूत्रे आपण बिनचूक म्हणतो. त्यांचा अर्थ किती जण सांगू शकतील? प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने ढाणकीत प्राकृतचा साप्ताहिक वर्ग सुरू करावा, अशी नम्र विनंती आहे. पहिला विद्यार्थी म्हणून माझे नाव अवश्य लिहून घ्यावे.

जय जिनेंद्र!