एव्हरेस्टच्या उतारावरील कोळी

१९२४ सालची एव्हरेस्टची मोहीम लोकांच्या स्मरणात राहिली ती मॅलरी आणि अर्विन यांच्या अंतामुळे. शिखराच्या वाटेवर जूनच्या आरंभी अदृश्य झालेल्या त्या दोघांच्या शोककथेपुढे त्याच मोहिमेतील दुसऱ्या एका शोधाची वार्ता फारशी कोणाच्या कानी पडली नाही, यात नवल नाही. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील मेजर रिचर्ड हिंग्स्टन हे वैद्य आणि निसर्गनिरीक्षक अशा दुहेरी नात्याने त्या पथकासोबत होते. सुमारे २२,००० फुटांवर, म्हणजे जवळजवळ ६,७०० मीटर उंचीवर, चोहोंकडून हिमाने वेढलेल्या खडकांच्या आश्रयाने राहणारे, जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे कोळी त्यांना आढळले. पृथ्वीवरील सर्वांत उंच कायम वस्तीचे रहिवासी म्हणून पुढे त्यांचीच गणना होऊ लागली.

हे कोळी उडी मारणाऱ्या कोळ्यांच्या सॅल्टिसिडी कुलातील होत. कोळ्यांच्या साऱ्या कुलांत हे सर्वांत मोठे असून त्याच्या सहा हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या घरातील भिंतीवर माशीचा माग काढीत थबकत थबकत पुढे सरकणारा, आणि कोणी जवळ गेले असता वळून रोखून पाहणारा लहानगा कोळी याच कुलातला. शिकारीसाठी तो जाळे विणीत नाही. त्याची सारी भिस्त समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांवर आणि पायांत रक्तद्रवाचा दाब एकाएकी वाढवून घेतलेल्या झेपेवर असते. उष्ण अरण्यांपासून वाळवंटांपर्यंत या कुलाचा मुलूख पसरलेला आहे. हिमालयात तर दोन मुलखांची सरहद्दच भेटते: पायथ्याच्या दमट खोऱ्यांत दक्षिण आशियातील उष्ण प्रदेशाचे गण नांदतात, आणि वर चढत जावे तसतसे युरोप व उत्तर आशियाशी नाते सांगणारे गण दिसू लागतात. एव्हरेस्टवरील कोळी ज्यात घालण्यात आले तो युओफ्रिस गण या दुसऱ्या पंक्तीतला.

मात्र हिंग्स्टन यांना कोड्यात टाकले ते या प्राण्यांच्या उदरनिर्वाहाने. वनस्पतींची शेवटची हद्द तेथून सुमारे ४,००० फूट खाली राहिलेली. जवळपास गवताची काडी नाही, मग कीटक कोठून असणार? हे कोळी परस्परांनाच खाऊन जगत असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. भक्ष्य दिसत नव्हते आणि भक्षक तर डोळ्यांसमोर होता, तेव्हा त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. परंतु बाहेरून एक दाणाही न आणता एकमेकांच्या कोठारांवर गुजराण करू पाहणारे गाव जसे एक-दोन हंगामांत उजाड व्हावे, तशीच या वसाहतीचीही गत झाली असती, हे उघड आहे.

उलगडा झाला तो तीस वर्षांनंतर. १९५४ साली एव्हरेस्टच्या आग्नेयेस असलेल्या मकालू पर्वतावर कॅलिफोर्नियातून एक मोहीम आली, आणि तिच्यातील जीवशास्त्रज्ञ लॉरेन्स स्वान यांनी पुरवठ्याचा मार्ग जमिनीवर न शोधता वाऱ्यात शोधला. खालच्या प्रदेशांतून वर चढणारा वारा परागकण, बीजे आणि वाळलेल्या वनस्पतींचा चुरा आपल्याबरोबर घेऊन येतो व खडकांच्या खाचांत आणि दगडांच्या आडोशाला टाकून जातो. त्या कुजणाऱ्या केरावर स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म जीव आणि काही माश्या पोसल्या जातात, आणि त्यांच्यावर झडप घालून हा कोळी जगतो. ज्या वाऱ्याने गिर्यारोहकांचे तंबू फाडावेत त्यानेच या एवढ्याशा जिवाच्या अन्नाची तजवीज करावी, हे स्वान यांनी दाखवून दिले, आणि वाऱ्यावर पोसल्या जाणाऱ्या अशा प्रदेशाला जीवशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळवून दिले. हिमालयाच्या ज्ञानात पडलेली ही भर एखाद्या शिखरविजयाहून मला कमी मोलाची वाटत नाही.

तरीही या कोळ्याला शास्त्रीय नाव मिळावयास १९७५ साल उजाडावे लागले. एफ. आर. वान्लेस यांनी एव्हरेस्ट आणि मकालू यांच्या वरच्या उतारांवरून गोळा झालेल्या नमुन्यांची सूक्ष्म तपासणी करून युओफ्रिस ओम्निसुपरस्टेस आणि युओफ्रिस एव्हरेस्टेन्सिस या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. मधल्या अर्धशतकात शिखर सर झाले, त्यावर पुन्हा पुन्हा पाऊल पडले. कोळी मात्र बेनावच राहिला होता. या प्रदीर्घ अवधीनंतरही तो ओळखता आला, याचे कारण नमुना जपला गेला होता आणि तो कोठे, किती उंचीवर सापडला याची नोंद मागे राहिली होती.

महाराष्ट्रातूनही आता पुष्कळ तरुण हिमालयात जातात. त्यांना माझी विनंती एवढीच, की वरच्या खडकांवर असा एखादा जीव दिसला तर त्याला न दुखवता छायाचित्र घ्यावे, आणि स्थळ, उंची व तारीख त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी.