सेल्फ, चोक आणि डेल्को

सकाळी जुनी फियाट सुरू होईना की तिच्याभोवती चार माणसे जमतात आणि चौघे चार सल्ले देतात. एक म्हणतो चोक ओढा, दुसरा म्हणतो ॲक्सिलरेटर मारा, तिसरा प्लग काढायला सांगतो आणि चौथा काहीच न बोलता मागून धक्का मारायला लागतो. गंमत अशी, की चौघांचेही बरोबर असू शकते. फक्त गाडी कोणती आणि तिने रात्र कशी काढली, हे विचारावे लागते.

मुळात पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. साधारण पंधरा भार हवेला एक भार पेट्रोल, हे प्रमाण इंजिनाला मानवते. पण इंजिन थंड असले की फवारलेले पेट्रोल वाफ होण्याऐवजी नळीच्या भिंतींवर थेंब होऊन बसते. आणि थंड म्हणजे महाबळेश्वरचा डिसेंबरच असे नव्हे. चालते इंजिन ऐंशी-नव्वद अंशांवर असते. त्याच्या हिशेबाने मुंबईतली मे महिन्याची पहाटसुद्धा थंडच.

या दुखण्याचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न विचारता त्याची तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांसह, मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. पेट्रोलपंप कुठला असायला? वीसलोख गावात तिने औषधाच्या दुकानातून इंधन घेतले. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. ठिणगीच्या तारेचे आवरण गेले, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. पेट्रोल येते का आणि करंट येतो का, हे दोन प्रश्न तिथे सुटले. नंतरच्या प्रत्येक मेकॅनिकने हेच दोन प्रश्न विचारले आहेत.

१८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाखने तोटीतून इंधन फवारणारा कार्बोरेटर आणला आणि पुढची शंभर वर्षे तीच पद्धत चालली. थंडीवर उपाय म्हणून चोक आला. हा शब्द मला फार आवडतो. चोक म्हणजे गळा आवळणे. कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप मिटायची, हवा अडवायची, म्हणजे ओढ वाढून पेट्रोल जास्त येते. गळा आवळल्यावर जागे होणारे दुसरे काही मला ठाऊक नाही!

पण डॅशबोर्डवरच्या बटणावर चोक लिहिलेले असले, तरी आत चोक असेलच असे नाही. फ्रान्सच्या सोलेक्स कार्बोरेटरच्या कित्येक जुन्या नमुन्यांत अशी झडपच नव्हती. बटण ओढले की थंड इंजिनासाठीचा एक वेगळा छोटा मार्ग उघडायचा. तो काम करतो ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल तेव्हाच. पाय दाबला की तिथली ओढ जाते. इंग्लंडच्या एसयू कार्बोरेटरची तऱ्हा आणखी निराळी. मॉरिसच्या गाड्यांत तो असायचा, आणि मॉरिसवरूनच आलेल्या आपल्या सुरुवातीच्या ॲम्बेसेडरमध्येही. त्यात बटण ओढल्यावर जेट खाली सरकते आणि सुईभोवतीची फट वाढते. त्याला ॲक्सिलरेटर पंप नाही, म्हणून किल्ली फिरवण्याआधी कितीही पाय मारा, पेट्रोलचा थेंब जास्त यायचा नाही. झडप आणि पंप दोन्ही असलेल्या कार्बोरेटरला मात्र चोक ओढून एक-दोनदा पाय मारणे लागू पडते. तेव्हा चौघांतल्या दुसऱ्या माणसाला आधी बॉनेट उघडून दाखवावे.

पूर्वी हे सगळे हँडल मारून चालायचे. हँडल उलटे फिरले तर मनगट मोडायचे. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने त्यावर विजेची मोटर बसवली; १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ती आली आणि आपल्याकडे तिचे नाव पडले ‘सेल्फ’. केटरिंगच्या कंपनीचे नाव होते डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी. इंग्रजी आद्याक्षरे जोडली की होते डेल्को. आपल्या गॅरेजांत डिस्ट्रिब्यूटरला आजही डेल्कोच म्हणतात. ओहायो राज्यातल्या गावाचा कारखाना कुर्ल्याच्या मेकॅनिकच्या तोंडी असा रुळला.

पावसाळ्यात मुंबईच्या टॅक्सीवाल्याचा पहिला संशय या डेल्कोवरच जायचा. टोपीच्या आत दमटपणा धरला की ठिणगी वाटेतच जिरते. टोपी काढायची, कोरड्या फडक्याने पुसायची, पॉइंट घासायचा. सकाळचे पहिले भाडे गेले की दिवसाचा हिशेब कोलमडतो, म्हणून हे तो स्वतःच शिकायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. कार्बोरेटर तर त्याआधीच मागे पडला होता. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या मोटारींत थंडी ओळखून पेट्रोल मोजण्याचे काम संगणकाकडे गेले.

ज्यांनी हौसेने पद्मिनी सांभाळली आहे, त्यांच्यासाठी थोडे. दोन आठवडे उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून जाते. यांत्रिक पंपाला हाताने चालवायची दांडी असेल तर आधी ती वापरा. नाहीतर सेल्फ मारून मारून बॅटरी बसते आणि बॅटरी बसली की ठिणगीही मरते. पेट्रोलचा वास येतोय, प्लग ओले आहेत, म्हणजे पेट्रोल जास्त झाले. मग चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरायचा आणि सेल्फ मारायचा. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर चोक घाईने आत ढकलला आहे का, आयडल जेट तुंबले आहे का, गास्केटमधून हवा शिरते का, ते पाहावे. कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचा उद्योग मात्र कुणी करू नये. बॅकफायर झाला की आग वर येते.

एक अडचण मात्र जुन्या मेकॅनिकांच्या काळात नव्हती. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला त्रास देते. म्हणजे थंड इंजिनाचे मूळ दुखणे थोडे वाढलेच. पंपाचा डायफ्रॅम आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवून घ्याव्यात आणि आठवड्यातून एकदा गाडी पुरती तापेपर्यंत बाहेर फिरवून आणावी. दार लावलेल्या गॅरेजमध्ये तापवू नये. चोकवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो, आणि त्याला वास नसतो.